गाठ डोक्यात, इलाज रक्तात

कवटीच्या आत गाठ दिसली की मनात पहिल्यांदा येतो कर्करोग आणि पाठोपाठ शस्त्रक्रिया. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलच्या रुग्णात क्वचित सापडणारी झँथोमाची पिवळट गाठ मात्र चरबी गिळून फुगलेल्या भक्षक पेशींचा साठा असते. मेंदू स्वतःला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारं एलडीएल त्याच्यापर्यंत सहसा पोचतच नाही. त्यामुळे हा साठा बहुधा मेंदूवरच्या आवरणात किंवा कवटीच्या हाडात होतो. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलेल्या मुलाचं यकृत एलडीएल उचलत नाही. त्यामुळे रक्तातलं एलडीएल अनेकदा डेसिलिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या वर जातं आणि त्वचेत, टाचेच्या कंडरेत, हृदयाच्या रोहिण्यांत साचतं. डोक्यातली गाठ याच साचण्याची एक दुर्मिळ जागा आहे. म्हणून मुख्य उपचार रक्तावर व्हायला हवा, आणि तो कसा होतो हे जर्मनीत पाहावं.

ग्योटिंगेन हे स्टेरॉलच्या संशोधनासाठी 1928चं नोबेल मिळवणाऱ्या विंडाउसचं गाव. तिथेच 1980च्या दशकात झाइडेल आणि वीलांड यांनी ‘हेल्प’ अफेरेसिस विकसित केलं. एका हातातून रक्त यंत्रात येतं, पेशी वेगळ्या होतात आणि प्लाझ्मा पुढे सरकतो. त्यात हेपॅरिन आणि आम्लधर्मी अ‍ॅसिटेट द्रावण मिसळतं. पीएच 5.12च्या आसपास आला की, लिंबू पिळल्यावर दूध फाटावं तसा एलडीएलचा साका होतो. गाळणी तो अडवते, जादा हेपॅरिन शोषलं जातं, बायकार्बोनेटच्या डायलिसिसने आम्लता पूर्ववत होते आणि प्लाझ्मा पेशींसह शरीरात परततो. दोनेक तासांत एलडीएल निम्म्याहून खाली येतं. पण यकृताचा दोष तसाच असतो, पातळी पुन्हा चढते. मग आठवड्याने किंवा पंधरवड्याने हेच सारं पुन्हा.

गाठ नसेला दाबत असेल तर ती काढावीच लागेल, हा आक्षेप रास्त आहे. पण गाठ काढल्याने रक्तातलं एलडीएल कमी होत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड: सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस या आजारात चरबी खुद्द लहान मेंदूत साचते आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल बऱ्याचदा सामान्य असतं. तिथे बिघाड पित्ताम्लं बनवण्याच्या वाटेत असतो, औषध म्हणून किनोडिऑक्सिकोलिक आम्ल द्यावं लागतं, आणि यंत्र हा त्यावरचा इलाज नव्हे. म्हणजे गाठ पाहून थांबायचं नाही, दोष कुठला ते शोधायचं. राहिला जन्मभर यंत्राला बांधलं जाण्याचा प्रश्न. युरोपात 2021मध्ये मान्यता मिळालेलं इव्हिनाकुमॅब हे औषध एलडीएल उचलणाऱ्या ग्राहींवर अवलंबून नाही, त्यामुळे ते ओझं काहींसाठी हलकं होऊ शकतं. पण साठा व्हायच्या आधीच दोष सापडला तर अधिक बरं. बव्हेरियातल्या ‘व्रोनी’ उपक्रमात 5 ते 14 वर्षांच्या मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतात. एलडीएल डेसिलिटरमागे 130 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं की जनुकचाचणी करतात. मुलात दोष सापडला की पाठोपाठ आईवडिलांनाही तपासता येतं, आणि त्यांच्यातल्या एखाद्याची छाती अजून दुखलेलीही नसते.