मुरुमांचे खड्डे आणि लेझर: अपेक्षा किती ठेवावी?

"लेझर केलं की चेहरा पूर्वीसारखा होईल ना?" लग्न ठरलेल्या, नोकरीच्या मुलाखती सुरू झालेल्या मुलामुलींचा त्वचारोगतज्ज्ञाला पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. त्याचं उत्तर देण्याआधी चेहऱ्यावर नेमकं काय उरलंय ते पाहावं लागतं.

मुरूम बरा झाल्यावर मागे राहणारा काळपट डाग सपाट असतो, बोट फिरवलं तर हाताला लागत नाही. तिथे त्वचेचा रंग जास्त तयार झालेला असतो, एवढंच. ऊन टाळलं, सनस्क्रीन नेमाने लावलं आणि डॉक्टरांनी दिलेलं क्रीम वापरलं, तर तो काही महिन्यांत बराच फिका होतो. खड्ड्याचं तसं नाही. मुरुमाच्या दाहात त्वचेच्या आतल्या थरातलं कोलॅजन नष्ट होतं आणि वरची त्वचा खाली बसते. कोणतंही क्रीम, लेप किंवा लिंबाचा रस ती वर उचलत नाही. लिंबाने उलट त्वचा पोळते आणि नवा डाग पडतो. खिडकीशी उभं राहून उजेड एका बाजूने घेतला तर फरक घरीच कळतो. खड्ड्यात सावली पडते, डागात पडत नाही. नुसतेच डाग असतील तर बहुतेकांना या लेझरची गरज नसते, आणि घाईने केला तर ते आणखी गडद होण्याची भीती असते.

खड्डे असले तरी एकाच लेझरने सगळे भरतात, हा समज मला सर्वांत नुकसानकारक वाटतो, कारण निराशा तिथूनच सुरू होते. काही खड्डे पसरट, ठळक कडांचे असतात. त्यांच्यावर लेझर चांगला काम करतो. काहींचं तोंड बारीक आणि खोली फार असते. तिथे लेझर तळापर्यंत पुरेसा पोहोचत नाही, म्हणून डॉक्टर ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिडचा तीव्र थेंब काडीच्या टोकाने फक्त त्या खड्ड्यात ठेवतात, किंवा तेवढा भाग कापून टाका घालतात. तिसरे उथळ आणि रुंद असतात. त्यांच्या खाली घट्ट तंतू तयार झालेले असतात आणि ते त्वचेला गादीच्या टाक्यासारखे आत ओढून धरतात. वरून कितीही लेझर मारला तरी हा टाका सुटत नाही. भूल देऊन, त्वचेखाली सुई सरकवून ते तंतू तोडावे लागतात. याला सबसिजन म्हणतात. एकाच गालावर हे तिन्ही प्रकार असणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून चेहरा नीट न तपासता थेट लेझरचं पॅकेज हातात ठेवलं जात असेल तर थांबावं.

"आपल्या सावळ्या त्वचेला लेझर चालत नाही" हेही सतत ऐकू येतं. गंमत म्हणजे, खड्ड्यांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सी. कुमार पटेल यांनी शोधला. पटेल जन्मले बारामतीत आणि अभियांत्रिकी शिकले पुण्यात. या लेझरची १०,६०० नॅनोमीटरची लहर त्वचेतलं पाणी शोषून घेतं. केस काढण्याच्या लेझरसारखा तो रंगद्रव्याच्या मागे लागत नाही. धोका वेगळ्या वाटेने येतो. उष्णतेने दाह होतो आणि दाह झाला की सावळी त्वचा जास्त रंग बनवते. १९९० च्या दशकात चेहऱ्याचा अख्खा वरचा थर काढला जाई. तेव्हा हा धोका फार मोठा होता. २००४ मध्ये फ्रॅक्शनल पद्धत पुढे आली. तिच्यात किरण अतिसूक्ष्म ठिपक्यांतून आत जातो, मधली त्वचा शाबूत राहते आणि तिच्या आधाराने जखमा लवकर भरतात. आपल्याकडचे जाणते डॉक्टर हे ठिपके विरळ ठेवतात आणि शंका असेल तर कानाजवळ छोट्या जागेवर आधी चाचणी घेतात. तरीही काहींना काळपटपणा येतो. तो बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतो, पण ही शक्यता आधीच सांगितली गेली पाहिजे.

लेझरने त्वचा पातळ होते किंवा कर्करोग होतो, ही भीती मात्र सोडून द्यावी. हे अवरक्त किरण आहेत, क्ष-किरणांसारखे पेशीच्या गाभ्यातली रचना तोडणारे नाहीत. आणि सूक्ष्म जखमा भरताना आत नवं कोलॅजनच तयार होतं.

ते तयार व्हायला वेळ लागतो. साधारण तीन ते पाच सिटिंग, दोन सिटिंगमध्ये चार ते आठ आठवड्यांचं अंतर, आणि शेवटच्या सिटिंगनंतरही तीन ते सहा महिने सुधारणा चालूच. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला असेल तर सुरुवात त्याआधीच्या संक्रांतीला करावी. लग्नाला दोन महिने उरले असताना नको. एवढं करूनही खड्डे शून्यावर येत नाहीत. ते उथळ होतात, कडा मऊ होतात, सावली कमी पडते. खोली निम्म्यावर आली तर तो चांगला परिणाम समजावा.

प्रत्यक्ष दिवस कसा जातो? बधिर करणारं क्रीम लावून पाऊण ते एक तास बसावं लागतं. डोळ्यांवर झाकण असतं. लेझर चालू असताना टोचल्यासारखं, चटके बसल्यासारखं वाटतं, आणि नंतर काही तास चेहरा उन्हात भाजल्यासारखा जळजळतो. पहिले दोन-तीन दिवस लाली आणि सूज असते. मग बारीक तपकिरी ठिपक्यांची खरखरीत खपली धरते आणि ती आठवड्याभरात आपोआप गळते. ती नखाने काढण्याचा मोह टाळावाच, कारण नवे डाग तिथेच पडतात. या दिवसांत हळद, बेसन, स्क्रब काही नको. फक्त सांगितलेलं मलम, आणि त्वचा भरल्यावर सनस्क्रीन. ओठांवर ताप उठण्याचा, म्हणजे नागिणीच्या जातीच्या विषाणूचा त्रास असेल, तर ते आधीच सांगावं. डॉक्टर त्यासाठी गोळ्या सुरू करतात.

मुरूम अजून येत असतील तर आधी ते थांबवणं महत्त्वाचं, नाहीतर जुने खड्डे भरताना शेजारी नवे पडत राहतील. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर सहा महिने थांबायचा जुना नियम होता. २०१७ नंतर फ्रॅक्शनल लेझरसाठी तो सैल झाला आहे, पण निर्णय डॉक्टरांचा, गोळी स्वतःहून बंद करू नये.

ब्यूटी पार्लरमधलं कार्बन लेझर फेशियल या कामाचं नाही. त्याने चेहरा काही दिवस तुकतुकीत दिसतो, खड्डा तिथेच राहतो. लेझर चालवणाऱ्याकडे त्वचारोगाची पदव्युत्तर पदवी आणि वैद्यकीय परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये. आणि पहिल्या सिटिंगआधी, खिडकीजवळच्या त्याच उजेडात, तिन्ही बाजूंनी फोटो काढून घ्यावेत. बदल इतका सावकाश होतो की रोज आरसा पाहणाऱ्याला तो जाणवत नाही. सहा महिन्यांनी पुढची सिटिंग घ्यायची की पैसे वाचवायचे, हे ते फोटो शेजारी ठेवूनच ठरवता येतं.