सायकलने ऑफिस: हिशेब काय सांगतो?

मंडळी, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून माझं वजन ८४ किलोवर गेलंय. बाबांना चाळिशीतच डायबेटिस झाला, म्हणून इथे मेलबर्नमध्ये सायकलने ऑफिसला जायचा विचार चाललाय. अंतर ८ किलोमीटर. ताशी १६च्या वेगाने जाऊन-येऊन एक तास, म्हणजे साधारण ५०० कॅलरी. किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. आठवड्यातून तीनदा गेलो तर एक किलो उतरायला पाच आठवडे. तेही घरी येऊन पोह्यांची दुसरी बशी घेतली नाही तर! घोडं इथेच पेंड खातं.

हेल्मेट हवंच, व्हिक्टोरियात ते १९९० पासून सक्तीचं आहे, जगात सर्वांत आधी. सुरुवातीला पाय भरून आले तर येताना सायकल सरळ ट्रेनमध्ये घ्या. जादा तिकीट लागत नाही; फक्त पहिल्या डब्याच्या पहिल्या दाराने चढू नका.