पक्षवाद आणि जमाखर्च

करावरील वाद सुरतेला नवा नाही. १८४४ साली मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया करण्यात आला, तेव्हा या शहरातील दुकाने बंद झाली आणि लोकक्षोभापुढे सरकारला ती वाढ कमी करावी लागली. त्या करामुळे कोणाच्या घरावर किती भार पडतो, हे सर्वांस दिसत होते. आज मात्र वाद पक्षाभिमानाने चालतो आणि हिशेब बाजूस राहतो.

अमेरिकेचेच उदाहरण घ्यावे. तिने ७ ऑगस्ट २०२५ पासून बहुतेक भारतीय मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के जादा आयातकर बसविला. त्यातून आपले हिरेही सुटले नाहीत. तेथील एक पक्ष म्हणे, हा कर परदेशी विक्रेता भरतो. दुसरा म्हणे, आपला ग्राहक भरतो. वस्तुतः तिजोरीत रक्कम भरतो तो अमेरिकन आयातदार. पुढे तिचा काही भाग तो किंमत वाढवून ग्राहकावर टाकतो, काही नफ्यातून सोसतो आणि काही आपल्याकडे सूट मागून वसूल करतो. ज्याला दुसरा बाजार लवकर सापडत नाही, त्याच्या वाट्यास अधिक भार येतो. सौदाच मोडला, तर कर कोणीच भरीत नाही. घंटीवर बसणाऱ्या कारागिराची मजुरी तेवढी बुडते. २००८ च्या अमेरिकन मंदीत सुरतेने हे अनुभवले आहे.

दुसरा वाद पुढाऱ्यांच्या संपत्तीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवारास आपली मालमत्ता व देणी शपथपत्रात जाहीर करावी लागतात. पाच वर्षांत आकडा दुप्पट झाला, की विरोधक त्यास लूट म्हणतात आणि अनुयायी जमिनीचे भाव दाखवितात. आपण शिल्लक माल मोजतो त्या रीतीने ते पाहावे. जुनाच माल महागला, की नवा माल आला? नवा आला असेल, तर कोणत्या उत्पन्नातून? नुसत्या वाढीने दोष सिद्ध होत नाही आणि नुसत्या शपथेने निर्दोषत्वही सिद्ध होत नाही.

तिसरी नोंद आपल्याच वहीतील आहे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरविले. कोणी कोणत्या पक्षास किती दिले, हे मतदारापासून गुप्त राहत होते. पुढाऱ्यांचा हिशेब मागणाऱ्या व्यापाऱ्याने आपली देणगीही धनादेशाने द्यावी, पावती घ्यावी आणि उघडपणे वहीत लिहावी.

अनेकान्ताचा अर्थ सर्वांचेच म्हणणे सारखे खरे, असा नव्हे. कोणते विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे, हे तपासणे म्हणजे अनेकान्त होय. पेढीवर राजकारणाची चर्चा अवश्य व्हावी. परंतु मत देण्यापूर्वी आकडा कोणाच्या नावे पडला आणि कोणाच्या खाती जमा झाला, एवढे विचारण्याची सवय आपण मुलांनाही लावावी. व्यापारी कुळाकडून समाजाला ही सेवा सहज घडण्याजोगी आहे.