कुठं थांबायचं, हे हात सांगतो

मित्रहो, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस दातांवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. खरं आहे, दातांचा माझा अनुभव रुग्णाचाच. पण प्रश्न ज्ञानाचा आहे, म्हणून धाडस करतो.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि बीडीएसची पोरं-पोरी गावाकडे परतली. आपल्या केज-धारूरकडच्या वाड्या-वस्त्यांवर रेंजसाठी माळवदावर चढून दाढ कोरण्याचे व्हिडिओ पाहू लागली. हसू नका. खुर्चीभोवती दहा-पंधरा विद्यार्थी उभे राहतात तेव्हा तोंडातलं दिसतं ते दोघा-तिघांनाच. पडद्यावर सगळ्यांना दिसतं, हवं तितक्यांदा दिसतं. शरीररचना, औषधशास्त्र हेही घरबसल्या चांगलं शिकता येतं.

अडतं कुठं ते बघा. वरच्या दाढेवर काम करताना डॉक्टर बहुतेक वेळा दाढेकडे थेट पाहत नाही, छोट्या आरशात पाहतो. आरशात उलटं दिसतं, हात मात्र खऱ्या दिशेला न्यायचा. त्यात पाण्याच्या फवाऱ्यानं आरसा धूसर होतो, जीभ मध्ये येते. मग किडलेला मऊ भाग चमच्यासारख्या हत्यारानं खरवडायचा. कीड संपली की हाताखाली टणक लागतं. तिथं थांबायचं, कारण पलीकडे दाताची नस आहे. ते टणकपण पडद्यातून कसं पोहोचणार?

गिल्बर्ट राईलनं 1949 च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये ‘अमुक ठाऊक असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ यांत फरक केला. मायकेल पोलानी पुढं गेला. (हा मूळचा रसायनशास्त्रज्ञ, तेव्हा मीच एकटा आगंतुक नाही!) तो काठीचं उदाहरण देतो. सरावलेल्या अंध माणसाला तळहातातली काठी जाणवत नाही, काठीच्या टोकाशी असलेला दगड जाणवतो. दंतवैद्याचं टोकदार हत्यार तसंच. आधी पोराला हत्यार जाणवतं, मग कधीतरी दात जाणवायला लागतो. कोणत्या तासाला, हे वेळापत्रकात लिहिता येत नाही.

त्यासाठी आधी ‘फँटम हेड’ असतं, म्हणजे कृत्रिम डोकं, त्यात दात बसवलेले. पण ते डोकं आवंढा गिळत नाही, घाबरत नाही.

टाळेबंदीनंतर दोनेक वर्षांनी माझी दाढ काढायला एक इंटर्न मुलगी आली. हात थरथरत होता. म्हणाली, “सर, माझं तिसरं वर्ष मोबाईलवरच गेलंय.” म्हटलं, “चालू दे, बाळ.” तिच्या सरांनी तिच्या हातावर हात ठेवला, मनगट जरासं वळवलं. बोलले काहीच नाहीत. दाढ निघाली.

माझ्याकडे निवृत्तिवेतन आहे, मी दुसरीकडेही जाऊ शकलो असतो. शिकाऊ हातांखाली बहुधा येतो तो फी न परवडणारा माणूस. कारखान्यावरून परतलेली, हंगामभर दाढदुखी अंगावर काढलेली ऊसतोड बाई. म्हणून व्याख्यानं खुशाल ऑनलाईन घ्या, पण त्यातून वाचलेले तास खुर्चीशेजारी द्या. वाचले म्हणून कापू नका.



आता तुमचे प्रश्न घेऊ.