विश्लेषण : ऑफ-रोड गाडीला इलेक्ट्रिक विंच बसवताना कोणती काळजी घ्यावी?

सह्याद्रीतील कच्च्या, चिखलाच्या वाटांवर जाणाऱ्या फोर-बाय-फोर गाड्यांच्या पुढच्या बंपरवर हल्ली इलेक्ट्रिक विंच दिसतो. रुतलेली गाडी झाडाला किंवा दुसऱ्या गाडीला दोर बांधून बाहेर खेचणारे हे यंत्र ऑनलाइन मागवून स्थानिक गॅरेजमध्येही बसवता येते. मात्र जोडणी चुकली तर गाडी पेटू शकते आणि ताणलेला दोर तुटला तर माणसाचा जीव जाऊ शकतो.

किती क्षमतेचा विंच हवा?

प्रवासी आणि सामानासह गाडीचे जे कमाल वजन असते, त्याच्या किमान दीडपट क्षमता असावी, हा सर्वमान्य नियम आहे. हे वजन २,२०० किलो असेल, तर ३,३०० किलो म्हणजे सुमारे ७,३०० पौंड क्षमता लागते. अशा वेळी ८,००० किंवा ९,५०० पौंडांचा विंच घ्यावा. खोक्यावर छापलेली क्षमता ड्रमवरील दोराच्या पहिल्या थरापुरतीच असते. दोराचे थर वाढतात तशी ओढ कमी होते. चौथ्या थरावर ती ३० ते ४० टक्क्यांनी घटू शकते.

तो कुठे बसवावा?

विंचचा सगळा ताण चासीवर जायला हवा. कारखान्यातून आलेला प्लास्टिक किंवा पातळ पत्र्याचा बंपर तो पेलू शकत नाही. त्यामुळे गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेली माउंटिंग प्लेट चासीला बोल्टने पक्की करावी. विंचसोबत आलेले किंवा त्याच ग्रेडचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळावेत. रेडिएटरची हवा अडत नाही, एअरबॅगच्या सेन्सरना अडथळा होत नाही, नंबर प्लेट झाकली जात नाही आणि क्लचच्या दांड्यापर्यंत हात पोहोचतो, हेही पाहावे.

बॅटरीला जोडणी कशी करावी?

पूर्ण भाराखाली १२ व्होल्टचा विंच ४०० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो. जाऊन-येऊन ४ मीटर लांबीची १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल वापरली, तर केबलमध्येच पावणेतीन व्होल्ट खर्च होतात आणि सुमारे १,१०० वॉट उष्णता तयार होते. ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हेच आकडे ०.८ व्होल्ट आणि ३०० वॉटच्या आसपास राहतात. म्हणूनच सोबत आलेली जाड केबल बदलू नये. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह या दोन्ही तारा थेट बॅटरीला जोडाव्यात. पॉझिटिव्ह तारेवर बॅटरीजवळ मोठ्या क्षमतेचा आयसोलेटर स्विच बसवावा आणि विंच वापरात नसताना तो बंद ठेवावा. धारदार पत्र्याजवळून जाणाऱ्या केबलला संरक्षक नळी घालावी.

पोलादी दोर की सिंथेटिक?

पोलादी दोर खडकावर घासला तरी टिकतो. पण तो जड असतो आणि तुटल्यास चाबकासारखा उसळतो. सिंथेटिक दोर हलका आणि तुलनेने सुरक्षित असतो. मात्र ऊन, उष्णता आणि घर्षणाने तो खराब होतो. पोलादी दोराला रोलर, तर सिंथेटिकला गुळगुळीत ॲल्युमिनियमचा फेअरलीड लागतो. जुन्या रोलरवरील खरखरीत कडा सिंथेटिक दोर कापतात. नवा दोर पहिल्यांदा हलक्या ताणाखालीच गुंडाळावा, नाहीतर वरचे वेढे खालच्या थरात रुततात.

वापरताना काय टाळावे?

ड्रमवर पोलादी दोराचे किमान ५, तर सिंथेटिकचे ८ ते १० वेढे शिल्लक ठेवावेत. ताणलेला दोर ओलांडू नये. मधोमध जाड चादर किंवा डॅम्पर टाकावा आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर ठेवावे. पोलादी दोर हाताळताना चामडी हातमोजे घालावेत. इंजिन चालू ठेवून थोडे थोडे ओढावे. एवढा प्रवाह अल्टरनेटर एकटा पुरवू शकत नाही, त्यामुळे सलग खेचल्यास बॅटरी उतरते आणि मोटार तापते. ताकद कमी पडत असेल तर स्नॅच ब्लॉक वापरावा. त्याने ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. बेकायदा बदलासाठी कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करण्याची सूचना केंद्राने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना दिली होती. त्यामुळे विंचसाठी बंपर बदलण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी खातरजमा करून घेणे शहाणपणाचे ठरेल.