रात्रभर गळणारी टाकी

दिवसभराच्या गडबडीत तो आवाज लक्षात येत नाही. रात्री दिवे मालवले, रस्त्यावरची वाहने कमी झाली, की संडासातून बारीक सूं-सूं ऐकू येऊ लागते. कधी ती अखंड चालते. कधी दहा-पंधरा मिनिटे सगळे शांत, मग कोणी आत गेलेले नसताना टाकी आपोआप भरू लागते. रात्री पाण्याचा वापर थांबल्यामुळे नळातील दाब वाढतो, म्हणून हा आवाज रात्रीच अधिक जाणवतो. घरातील कोणीतरी म्हणते, "उद्या प्लंबरला फोन करायला हवा." उद्या प्लंबर मिळत नाही, परवा विसरले जाते. आवाजाचीही सवय होते.

बंगळुरूच्या कोरमंगला भागात ही सवय फार महाग आहे. येथे १९९७च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी क्रीडाग्राम उभारले गेले. त्या सुमारास बांधलेल्या घरांनी आता पंचविशी ओलांडली आहे, आणि त्यांच्या टाक्यांतील रबर-प्लास्टिक एकदाही बदलले नसेल तर गळती ठरलेलीच. नळाला येणारे पाणी मात्र जवळचे नाही. ते कावेरीचे आहे. सुमारे शंभर किलोमीटरवरून, तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी अशा तीन टप्प्यांत पंपांनी उचलून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून ते शहरात आणले जाते.

आता थोडा हिशेब. टाकीतून पाच मिनिटांत एक लिटर पाणी गळते असे धरा. ही काही मोठी गळती नव्हे. भांड्याच्या मागच्या बाजूने उतरणारी बारीक ओघळ, नीट पाहिल्याशिवाय दिसतही नाही. पण दिवसाचे होतात २८८ लिटर आणि तीस दिवसांचे ८,६४०. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर उचलायला, पंपातील आणि नळांतील तूट न धरतासुद्धा, सुमारे १.३६ युनिट वीज लागते. म्हणजे एका टाकीच्या महिन्याभराच्या गळतीमागे बारा युनिट वीज, तीही कोणी काही न वापरता.

बिलाच्या बाजूने पाहा. बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या घरगुती दरांत सर्वांत स्वस्त टप्पा महिन्याला ८,००० लिटरपर्यंतचा. स्वतंत्र जोडणी असलेल्या घरात हा सगळा टप्पा एकटी टाकीच संपवून टाकते, आणि स्वयंपाक, आंघोळ, कपडे यांचे पाणी वरच्या दराने मोजले जाते. हे दर २०१४ नंतर एप्रिल २०२५मध्ये वाढले. मोठ्या संकुलात इमारतीचे मीटर एकच असेल तर आणखीच गंमत: गळती एका घरात, बिल सगळ्यांच्या वाटणीत. म्हणून ती शोधायला कोणी उठत नाही.

मार्च २०२४मध्ये शहरातील कितीतरी बोअर आटले आणि टँकरसाठी धावाधाव झाली, तेव्हा जिल्हा प्रशासनाला टँकरचे दर बांधून द्यावे लागले. पाच किलोमीटरच्या आत ८,००० लिटरच्या टँकरला ७०० रुपये. पिण्याच्या पाण्याने गाडी धुणे, बागेला ते घालणे यांवर ५,००० रुपये दंड लागला, इमारतींना नळांवर एरेटर बसवायला सांगितले गेले. ते सगळे योग्यच होते. पण गाडी धुणारा शेजाऱ्याला दिसतो. महिन्याला एक टँकर मुकाट्याने गटारात सोडणारी टाकी कोणालाच दिसत नाही.

ती पूर्वी दिसत असे. चाळीत किंवा रेल्वेच्या जुन्या वसाहतीत राहिलेल्यांना डोक्यावरची ती ओतीव लोखंडाची टाकी आणि लोंबणारी साखळी आठवत असेल. तिच्या तळाशी झडप नव्हती, सायफन होता. साखळी ओढल्याशिवाय पाणी बाहेर पडायचेच नाही, त्यामुळे तळातून गळण्याचा प्रश्नच नसे. इंग्लंडमध्ये तर पाण्याची नासाडी टाळणारे साधन म्हणूनच ही टाकी ओळखली जाई, आणि तळाशी झडप असलेल्या टाक्यांना तेथे २००१पर्यंत बंदी होती. टाकी प्रमाणाबाहेर भरली तर जादा पाणी एका नळीने भिंतीबाहेर पडे. बाहेर धार लागली, की खालचा माणूस हाक मारायचा. आजच्या टाकीत ही नळी आतच उभी असते आणि जादा पाणी गुपचूप भांड्यात सोडते. टाकी देखणी झाली खरी, पण तिचे दुखणे झाकले गेले.

सुदैवाने आतली रचना अगदी सोपी आहे. पाणी आत घेणारा एक व्हॉल्व्ह, ज्याला आपण बॉलकॉक म्हणतो; आणि पाणी भांड्यात सोडणारी तळाची रबरी झडप. बिघडते ते बहुधा या दोहोंपैकी एक. कोणते, हे कळण्यासाठी कपड्यांना घालायची पातळ नीळ पुरते. टाकी भरली की झाकण अलगद उचलून बाजूला जमिनीवर ठेवावे (चिनी मातीचे झाकण कठड्यावर ठेवू नये, घसरले की गेले). आत निळीचे चार-पाच थेंब टाकावेत आणि अर्धा तास कोणी संडास वापरू नये. भांड्यातले पाणी निळसर झाले तर गळती आहे. मग टाकीत डोकवावे. पाणी आतल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढून तिच्यात उतरत असेल, तर दोष बॉलकॉकचा. पातळी तोंडापासून चांगली खाली असेल, तर तळाची झडप गळते आहे. अखंड सूं-सूं बहुधा पहिल्या दोषाची खूण, मधूनच आपोआप भरणे दुसऱ्याची.

हात घालण्यापूर्वी टाकीखालचा अँगल कॉक बंद करावा. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक घट्ट झालेला असतो. त्याच्याशी जबरदस्ती करू नये, तो तुटला तर घरभर पाणी. त्यापेक्षा न्हाणीघराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे शहाणपणाचे.

तळाची झडप असेल तर फ्लश करून टाकी रिकामी करावी आणि रबरावरून बोट फिरवावे. बोटाला काळे लागले, रबर चिकट किंवा वेडेवाकडे झाले असेल, तर त्याचे आयुष्य संपले. जुना वायसर सोबत घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जावे, कारण मापे कंपनीगणिक वेगळी असतात आणि "अंदाजे एवढा" सांगून आणलेला वायसर हमखास परत करावा लागतो. पण रबर ठीक असूनही गळते, असेही या शहरात पुष्कळदा होते. बोअरचे आणि टँकरचे पाणी जड; त्यातील क्षारांचा पांढरा थर झडपेच्या बैठकीवर बसतो आणि रबर नीट टेकत नाही. सुरीने खरवडू नये, बैठकीला चरे पडले की ती कायमची गळते. कापड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून काही तास त्यावर ठेवावे, मग जुन्या टूथब्रशने घासावे. टाकीत टाकायच्या ब्लीचच्या गोळ्या मात्र बंद कराव्यात, रबर त्यांनी लवकर सडते. आणि आम्ल असलेला संडास क्लीनर व ब्लीच एकत्र कधीच येऊ देऊ नयेत. त्यातून विषारी वायू निघतो.

बॉलकॉकची तक्रार असेल तर आधी फुगा हातात घेऊन हलवावा. आत पाणी खुळखुळले तर तो फुटका, बदलायलाच हवा. फुगा चांगला असेल तर पातळी ठरवणारा स्क्रू फिरवून पाणी नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबेल असे करावे. जुन्या पितळी दांड्याला हलकासा बाक देऊनही हेच साधते. तरी सूं-सूं राहिली तर आतली जाळी आणि वायसर पाहावेत. पुरवठा बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर येणारा गाळ तेथेच अडकतो. संपूर्ण बॉलकॉक बदलायचा झाला तर प्लास्टिकची चाकी हाताने घट्ट करून पान्याने फक्त पाव फेरा द्यावा. जोर लावण्याच्या हौसेने आजवर कितीतरी टाक्यांना तडे गेले आहेत.

टाकी भरून बंद होताना भिंतीत 'धप्' असा ठोका पडत असेल, तर कारण दाबाचे आहे. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली गेले, की दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो. म्हणून उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर टाक्या जास्त ओरडतात. अँगल कॉक अर्धवट बंद ठेवला तर टाकी भरायला मिनिटभर जास्त लागेल, पण ठोका बहुधा थांबतो. टाकीला तडा, भांड्याच्या बुडाशी ओल, भिंतीत पुरलेल्या टाकीची गळती, या गोष्टींत मात्र प्लंबरच हवा.

प्लंबर येत नाही, ही तक्रारही खोटी नाही. एका वायसरसाठी फेरी मारणे त्याला परवडत नाही. या अडचणीवर मुंबईलगतच्या मिरा रोडला एक तोड निघाली होती. लेखक आणि 'ढब्बूजी'चे व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी पुरस्कारातून मिळालेले एक लाख रुपये हाताशी धरून २००७मध्ये हे काम सुरू केले. दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेवक घेऊन ते इमारतीतल्या घराघरात जात आणि गळते नळ फुकट दुरुस्त करून देत. पहिल्याच वर्षी १,६६६ घरे पाहून झाली आणि ४१४ नळ दुरुस्त झाले.

कोरमंगलातील संकुलांना हे अवघड नाही. वर्षातून एक रविवार ठरवावा. आदल्या रात्री घरोघर निळीचे थेंब टाकून गळत्या टाक्यांची यादी आणि टाकीची कंपनी कार्यालयात द्यावी, म्हणजे प्लंबरला पिशवीत नेमके वायसर घेऊन येता येते आणि दिवसाची मजुरी सगळ्यांत वाटली जाते. भाड्याने दिलेले आणि बंद असलेले फ्लॅट यादीत आधी घ्यावेत. तेथील टाकीचा आवाज ऐकायला घरात कोणीच नसते.