पिवळा पाच चिकटत नाही

उज्जैनच्या राम घाटावर गेलो होतो क्षिप्रेची आरती पाहायला, पण नजर अडकली ती गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या एका पोरसवदा माणसावर. जुन्या स्पीकरमधलं काळं गोल चुंबक नायलॉनच्या दोरीला बांधून तो लांब फेकायचा आणि तळावरून हळूहळू ओढत आणायचा. आरती राहिली बाजूला.

दर खेपेला चुंबकावर काळा गाळ डवरून यायचा. कुजलेला झेंडू आणि दिव्याचं तेल यांचा एकत्र वास. अंगठ्याने गाळ निपटला की आधी सेफ्टीपिना, केसांचे आकडे, गंजका खिळा आणि मग एखादा रुपया. रुपया कमरेच्या पिशवीत, बाकीचं पायरीवर. दिवसाला किती मिळतात, असं विचारलं, तर त्याने न मिळणाऱ्याचंच सांगितलं : "पांच का नहीं चिपकता, भैया."

नदीत पैसा टाकावा, तांब्याने पाणी शुद्ध होतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तो पैसा ढब्बू होता, तांब्याचा. आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा : 83 टक्के लोखंड, 17 टक्के क्रोमियम. लोखंड आहे म्हणूनच चुंबकाला धरतो आणि या माणसाची चूल पेटते. ढब्बू पैशांच्या काळात त्याला बुड्या माराव्या लागल्या असत्या. पिवळ्या पाचात मात्र 75 टक्के तांबं, उरलेलं जस्त आणि निकेल. तांब्याला चुंबक ओढत नाही. म्हणजे ज्या नाण्यात अजून तांबं आहे, नेमकं तेच गाळात राहतं. त्यासाठी तो पायाच्या बोटांनी तळ चाचपतो. पाचचा चिकटत नाही, हे त्याने आणखी दोनदा ऐकवलं. तक्रार वाटावी, इतकं.

या गावाला तांब्याची नाणी नवी नाहीत. अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं, ही उज्जैनची जुनी खूण तांब्याच्या नाण्यांवर उमटायची. सातवाहनांनी ती आपल्याही नाण्यांवर घेतली. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने हीच खूण ठोकून घेतलेली आहे.

घाटामागच्या दुकानात तांब्याचे लोटे टांगलेले होते. दुकानदार म्हणाला, रात्रभर पाणी ठेवा, सकाळी प्या. यात तथ्य आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं, की तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात. पण तिथे पाणी थोडं, भांडं अख्खं तांब्याचं आणि वेळ भरपूर. वाहत्या, सांडपाणी मिसळणाऱ्या क्षिप्रेत एका पाचाने काय होणार? कपाळ! उगाच श्रद्धेची टिंगल करायची नाही. पण नदी शुद्ध करायला नाणं नव्हे, नाल्यांचा बंदोबस्त लागतो.

तेव्हा राम घाटावर गेलात आणि टाकल्याशिवाय राहवलं नाहीच, तर रुपया टाका, तो निदान चुंबकाला लागेल. पिवळा पाच मात्र त्या चुंबकवाल्याच्या हातातच द्या.